बाबांचा पेला

प्रिय आई,

तुरिनहून तुझ्या हातांचे मुके घेतो. मी बरा आहे, जेवतो वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

बोनारियाताईच्या लग्नात फेर धरून नाचताना मी कोसळलो, सोबत हात धरलेली वऱ्हाडी मंडळीही पडली. "झिंगलाय मेला," म्हणत बाबांनी व्याह्यांची माफी मागितली. मी मान डोलावली. आजार सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

थेंबही घेतला नव्हता गं. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आपल्या बेटावर पुष्कळांना असतो तोच. माझंच शरीर नसांवरचं आवरण कुरतडतंय. उन्हानं अंग तापलं की पायांना निरोपच पोचत नाही.

तू लिहितेस, माझ्या पिण्याच्या लाजेपायी बाबांनी घरची वाईनही सोडली.

आई, त्यांचा पेला पुन्हा मांड. का, ते तूच त्यांना सांग. माझ्याच्यानं होत नाही.

तुझा,
बाकीझियो