बाबांनी शिवलेलं शीड

मार देल प्लाता, मंगळवार

लाडक्या आई,

मी इथे बरी आहे. वारा बोचरा आहे, पण लोकरीची टोपी घालते आणि क्लबात दुपारी मक्याचा दाट, गरमागरम लोक्रो मिळतो, तेव्हा काळजी नको.

शर्यतीआधी सगळ्या होड्यांची शिडं मीच मोजून तपासते. काल रामिरोनं नवंकोरं शीड आणलं, आपल्या घरी बाबांनी शिवलेलं. एका बाजूला होडीचा नंबर बरोबर होता. दुसऱ्या बाजूला त्यातला सहा उलटा चिकटवलेला, म्हणजे चक्क नऊ झालेला. सगळे खो खो हसले. "म्हाताऱ्याला वाइन जास्त झाली वाटतं!"

मी शीड पसरून टेप लावली. खालची कड नियमापेक्षा चार बोटं जास्त भरली.

"इर्मा, अगं, बापाच्या शिडाला तरी सोड की!" रामिरो म्हणाला.

"बापाचं आहे म्हणून तर दोनदा मोजलं," म्हटलं, आणि शिक्का मारला नाही. बिचारा जुनं फाटकं शीड लावून उतरला.

बाबांचं शीड आजवर कुणी परत केलं नव्हतं गं. हल्ली सुईत दोरा तेच ओवतात, की तू ओवून देतेस? इस्टरला ग्लास ठेवण्याआधी ते टेबलाची कड चाचपत होते. मला तेव्हा का नाही कळलं?

त्यांना सांग, रामिरोनं शीड फार नावाजलं.

पत्र लपवत बसू नकोस, टेबलावरच राहू दे. मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय.

तुझीच,
इर्मा