बरासाचा प्लॅन बी

प्रिय नांजाला ताई,

फोनवर बोलत नाही, कारण इथल्या भिंतींना कान आहेत आणि ते माझ्या नवऱ्याचे आहेत. मागच्या महिन्यात तुझ्यापाशी रडले ते उगाच नव्हतं. बरासा न्हाणीघरात फोनवर कुजबुजत होता, "घाबरू नकोस, माझा प्लॅन बी तयार होतोय. नासिमियूला एवढ्यात कळता कामा नये." इंग्रज लोक अडीअडचणीला राखलेल्या दुसऱ्या वाटेला प्लॅन बी म्हणत असतील. आपल्या नाकुरूत त्याला 'बाजूचा बेत' म्हणतात, आणि बाजूचा बेत म्हणजे दुसरी बाई, हे शेंबडं पोरही सांगेल.

आणि पुरावे काय थोडे होते? मटाटू चालवणाऱ्याच्या अंगाला डिझेलचा वास यावा, याच्या अंगाला केसांच्या तेलाचा! सदऱ्यावर लांबच लांब केस, कधी काळे, कधी तांबडे. मी म्हटलं, एक नाही, दोघी आहेत. विचारलं तर म्हणतो, "प्रवाशांचे असतील गं." प्रवासी काय ड्रायव्हरच्या छातीवर डोकं ठेवून बसतात? उगाली वाढताना मी पातेलं असं आपटायचे की शेजारीण डोकावून जायची.

काल त्याच्या मागोमाग गिलगिलला गेले. तो बाजारामागच्या सलूनमध्ये शिरला. मी दार ढकललं, तोंडात शिव्या तयार. बरासा एका म्हातारीच्या मागे उभा राहून तिच्या बारीक वेण्या घालत होता. डोळे मिटून. मी आल्याचं त्याला कळलंही नाही. मालकीण न्योकाबीने मला हाताला धरून बाहेर आणलं. "ओरडू नका, वहिनी. डॉक्टरांनी त्यांना गाडी सोडायला लावलीय. नजर जात चाललीय. उद्या दिसेनासं झालं तरी हात चालायला हवेत, म्हणून डोळे मिटून शिकतात." म्हणजे न्हाणीघरातून तो हिच्याशीच बोलत होता. मला इतका राग आला त्याचा, ताई! हे ओझं एकट्याने वाहायचं? मग मी कशाला आहे?

म्हणून घाईने लिहितेय. शनिवारी त्याला 'समज द्यायला' मी आपल्या भावांना बोलावलंय. त्यांना तिथेच अडव. तू मात्र ये, आणि केस पिंजारून ये. मी थट्टेवारीत म्हणेन, बघ रे, ताईची वेणी जमते का. तो मागे उभा राहिला की डोळे मिटेल. तेव्हा तू गप्प बस. मला त्याच्यासमोर बसून एकदा पोटभर रडायचंय.

तुझीच,
नासिमियू