अकरा पावलांची खोली

मी, आदिनाथ अंबाजी लालगुडे, वय अठ्ठावीस, शिक्षण सातवी, गाव वडिवळे, तालुका मावळ, सध्या ओमानात बंदरावर क्रेन चालवतो. हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे, कुणी पाजलेली न्हाई, कुणी धमकावलेलं न्हाई. वजन मात्र एकशे चार किलो.

लिहायचं कारण, शेजारच्या क्रेनवरचा गेणू, पवनानगरचा, वय चौतीस, दसऱ्याला खुर्चीतच गेला. आमी बारा तास बसून. वर जायला लिफ्ट, खाली उतरलं की बस, मग खाट. करार संपायला चौदा महिने, पासपोर्ट शेठच्या कपाटात. त्याच आठवड्यात माझी साखर दोनशे ऐंशी निघाली.

एक. धरणाखालचं भातखाचर माझ्या नावावर आहे, ते बहीण समीक्षाला. वडलांना, आबांना, ते बंगलेवाल्याला विकायचंय. तिनं सही करू नये. भातरोपांची आवणी इर्जिकीनंच करावी. घरटी एक माणूस आपल्याकडं राबायला येतो, मग आपल्यालाबी त्याच्या चिखलात उतरावंच लागतं.

दोन. मोटारसायकल विकावी. ती मीच आबांना घेऊन दिली, ही माझी चूक. आधी ते म्हशींमागं धरणापर्यंत जायचे. गाडी आली, म्हशी गेल्या. आता तंबाखूलाबी किक मारतात. त्यांचीबी साखर वाढली. फोनवर म्हणाले, "पोरगं परदेशात, आन् मी पायी हिंडू व्हय? लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "आबा, पोरगंबी बसूनच हाय."

त्यांनी फोन आईकडं दिला.

तीन. माझे बूट. डॉक्टर म्हणाला, वजन उतरो न उतरो, जेवल्यावर चाल. पाय हलले की मांड्या रक्तातली साखर ओढून घेतात. गेटाबाहेर सोडत न्हाईत, म्हणून खोलीतच चालतो. भिंत ते भिंत अकरा पावलं. खोलीतला धोंडिबा खाटेवरून ओरडायचा, "ए घाण्याच्या बैला, बस की आता!" तीन महिने झाले. गोळी तीच, वजन एकच किलो कमी, साखर एकशे साठ.

बूट आबांना. माप एकच आहे. माझ्या मरणाची वाट बघू नये. गावाकडं निघालेल्या माणसाबरोबर उद्याच पाठवतोय. मी अनवाणी चालेन. आबांनी ते घालून धरणाच्या भिंतीपर्यंत पायी जावं आणि तिथनं मला फोन करावा. फोन आला, तर कलम दोन रद्द. गाडी त्यांचीच.

साक्षीदार:
धोंडिबा, राहणार कामशेत
रखमाजी, राहणार देहूरोड

दोघांनी माझ्यादेखत उभ्यानंच सह्या केल्या. बसा म्हणालो, तर बसले न्हाईत.

सही: आ. अं. लालगुडे
कामगार वसाहत, ओमान
१२ जानेवारी २०२५