बरणी नंबर सतरा

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०, नांदेड-कंधार गाडी. खिडकीची जागा.

नवीन वही. नवीन धम्मानंद. रोज लिहायचं, खाडा नाही.

कारण तसंच आहे. जाहिरात आली आहे. खोल समुद्रात ट्यूना पकडणाऱ्या बोटींवर निरीक्षक पाहिजेत. बोटीवर बसायचं, गळाला जो मासा येईल तो ओळखायचा, लिहायचा. अटी: एम.एस्सी. झूलॉजी (आहे). वय पंचेचाळीसच्या आत (२८ मार्चला पूर्ण होतात, म्हणजे आहे). माशांचा अनुभव (सोळा वर्षं माशांचा पेपर मीच शिकवून राहिलो). समुद्र पाहिला आहे का, असं फॉर्मवर कुठंच विचारलेलं नाही. म्हणून मीही लिहिलं नाही. यात खोटं काय?

हे मिळालंच पाहिजे. सोळा वर्षं तासिका तत्त्वावर. यंदा झूलॉजीला सात पोरं. प्राचार्यांनी सांगून टाकलं, जूनपासून विषय बंद. बायको प्रियदर्शनी सरकारी दवाखान्यात परमनंट स्टाफ नर्स आहे. ती मला काहीच म्हणत नाही. हेच लई वाईट.

९ जानेवारी. स्टाफरूम, तास नाही.

परीक्षा अशी: रत्नागिरीहून तीन दिवस बोटीवर न्यायचं, बारा मासे ओळखायला लावायचे. म्हणे लिटल ट्यूना आणि फ्रिगेट ट्यूना यांच्यात भल्याभल्यांची दांडी उडते. दिसायला सख्खे भाऊ.

आपली उडत नाही. आपल्या लॅबमध्ये दोन्ही आहेत, फॉर्मलिनमध्ये. बरणी नंबर सतरा, फ्रिगेट: पाठीवरचे दोन पर एकमेकांना चिकटून. बरणी अठरा, लिटल: दोन परांच्या मध्ये चांगली तीन बोटं जागा. पुस्तकात हे नेमकं उलटं छापलं आहे. मी माझ्या प्रतीत लाल पेननं दुरुस्त करून ठेवलं आहे. प्रकाशकाला पत्र टाकायचं राहिलं.

२०१४ ला उदगीरकडची एक पोरगी होती, अंबिका बिरादार. प्रॅक्टिकलला सतरा नंबर ठेवला, तर हिनं लिहिलं लिटल ट्यूना. विचारलं तर म्हणते, सर, पुस्तकात आहे. मी म्हणालो, बाई, पुस्तक कागद आहे, बरणीत मासा आहे. दोनपैकी शून्य दिले. त्या दोन मार्कांनी तिचा कॉलेजात पहिला नंबर गेला. हट्टी होती. पुढं लग्न-बिग्न होऊन गेलं असेल बिचारीचं.

१४ जानेवारी. संक्रांत.

प्रत्यक्ष सराव. नांदेडच्या मासळी बाजारात गेलो. रोहू, कटला, मरळ. सगळे गोड्या पाण्याचे. महानंदाबाईला विचारलं, ट्यूना हाय का? ती म्हणाली, ते डब्यात असतंय, इथं न्हाई, आन् सर, सणाच्या दिवशी गिऱ्हाईक उभं हाय, बाजूला व्हा.

डबा ऑनलाइन मागवला.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी.

डबा आला. आत मासा आहे पण त्याला पर नाहीत, कातडी नाही, तोंड नाही. भिंगातून अर्धा तास पाहिला. वहीत नोंद: बहुधा फ्रिगेट.

धम्मप्रियानं भाकरीबरोबर खाऊन पाहिला. म्हणाली, पप्पा, मीठ न घातलेल्या डाळीसारखा लागतो. नववीतल्या पोरीला काय कळतं.

प्रियदर्शनीनं एकच विचारलं. अहो, तुम्हाला कंधारच्या गाडीत मळमळतंय, तिथं कसं होणार? म्हणालो, मळमळ डिझेलच्या वासानं होते, लाटांनी नाही. तिनं पिशवीत उलटीच्या गोळ्या ठेवल्या. मोजून चार.

२३ जानेवारी. गाडीत.

आजपासून तोल सांभाळायचा सराव. कंधारपर्यंत दांडा न धरता उभं राहायचं. बोट म्हणजे शेवटी एसटीच, फक्त रस्ता ओला.

सातव्या मिनिटाला स्पीडब्रेकर. एका आजीच्या तुरीच्या पोत्यावर पडलो. कंडक्टर म्हणाला, गुर्जी, मागं सहा सीटा रिकाम्या हायत, उगं कशाला जीव देऊन राहिले? त्याला खोल समुद्रातली मासेमारी समजावून सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि आजीला माझ्यापासून लांब बसवलं.

२७ जानेवारी.

ट्यूना लई ताकदीचा. ओढायला दंडात जोर पाहिजे. बादली भरून गच्चीवर दोरानं ओढायची, रोज वीस वेळा.

आज तीन झाल्या. चौथी सुटली, खाली घरमालकाच्या तुळशीत. कंबर धरली आहे. प्रियदर्शनीनं मलम लावलं. मी म्हणालो, निवड झाली की तुला रत्नागिरी दाखवतो. ती म्हणाली, हाव. त्या हावमध्ये काहीच नव्हतं.

उद्यापासून दहा वेळा. वीस हा आकडा अशास्त्रीय होता.

४ फेब्रुवारी.

कॉल लेटर आलं!!! १३ फेब्रुवारीला सकाळी सहाला बंदरावर हजर. खाली लिहिलंय, परीक्षक डॉ. अंबिका बिरादार.

उदगीरकडं दर दुसरा माणूस बिरादार. आणि अंबिका काय एकच असते? विषय संपला.

शेषेरावला, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटला, पेढा दिला. पेढा तोंडात घालून तो बरणी सतराकडं पाहत म्हणाला, सर, जायच्या आधी एकदा ती बरणी नीट बघून घ्या. सोळा वर्षं बघून राहिलो की! त्याला हसलो.

१२ फेब्रुवारी. रत्नागिरी, संध्याकाळी ५.

समुद्र पाहिला.

आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी. आणि इथं हे एवढं. पलीकडचा काठच नाही. दहा मिनिटं उभा होतो, मग पाठ करून बसलो. भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

फॉर्मवर विचारायला पाहिजे होतं त्यांनी.

१३ फेब्रुवारी. बोटीवर. किती वाजले माहीत नाही.

तीच अंबिका.

चष्मा आला आहे, केस कापले आहेत, पण तीच. सगळ्यांसमोर वाकून पाया पडली. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसाला, सांगितलं की हे माझे सर. छाती भरून आली. आपलीच विद्यार्थिनी परीक्षक! आता चिंता कसली. उगं घाबरत होतो.

नंतर: दोन उलट्या.

नंतर: पाच. गोळ्या संपल्या. चार मोजून दिल्या होत्या, आठ पाहिजे होत्या. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माणूस माणसाला ओळखत नाही.

बाकीचे दोन उमेदवार पंचवीस-सव्वीसचे. भात खाऊन राहिलेत. माणसं आहेत का कोण.

१४ फेब्रुवारी. दुपार असावी.

बोटीमागं दोर सोडून पळवतात, त्याला खोटं आमिष. सकाळी पहिला मासा आला. मी डोलकाठीला मिठी मारून उभा होतो.

निळा! चकचकीत निळा, पोट चांदीचं, पाठीवर नागमोडी रेघा, सगळा थरथरतोय. मी जोरात म्हणालो, हा ट्यूना नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, ट्यूना तपकिरी असतो.

तांडेल हळूच म्हणाला, मास्तर, मेल्यावर सगळेच तपकिरी होतात.

मला माहीत होतं ते. फॉर्मलिननं रंग जातो हे मीच शिकवतो. पण सोळा वर्षं जो जुन्या चपलेच्या रंगाचा पाहिला, तो असा निळा आणि जिवंत येईल हे कुठं मनात होतं? एवढा सुंदर असतो? कुणी सांगितलंच नाही कधी.

सावरलो. बारा मासे झाले. एक मोठा, पिवळ्या परांचा, तो पोरसुद्धा ओळखेल. राहिलेल्या अकरात पर चिकटलेले ते फ्रिगेट, लांब असलेले ते लिटल. एकदाही पेन अडखळलं नाही. बाजूचे दोघं खाडाखोड करत होते. त्यांची कीव आली.

पेपर द्यायच्या आधी अंबिका जवळ आली. म्हणाली, सर, वेळ आहे, पुन्हा एकदा बघता का? मी म्हणालो, बघायचं त्यानं, ज्याला शंका आहे.

१५ फेब्रुवारी. बंदर. सकाळी ९.

बारापैकी एक.

पिवळ्या परांचा तेवढा बरोबर. बाकी अकराच्या अकरा उलटे.

अंबिकानं बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाली, सर, तुमच्या चुका अकरा नाहीत. एकच आहे, अकरा वेळा केली. मी म्हणालो, पुस्तकात चूक आहे. तिनं शांतपणे दोन्ही मासे माझ्यासमोर ठेवले आणि एकाच्या छातीखालचे काळे ठिपके दाखवले. हे फक्त लिटलला असतात, म्हणाली. ठिपके त्याच्याच अंगावर होते ज्याला मी जन्मभर फ्रिगेट म्हणालो. बरणीतल्याचे फॉर्मलिननं कधीच गेलेले.

मग म्हणाली, हाच मासा मला परीक्षेत होता, सर. रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी तिला म्हणालो, २८ मार्चला माझं वय संपतं. एकदा काहीतरी कर. हात जोडले. बंदरावर, बर्फाच्या ट्रकसमोर, माझ्या विद्यार्थिनीला. तिचे डोळे भरले. पण ती म्हणाली, सर, मला खोटं लिहिता येत नाही.

हट्टी आहेच.

१७ फेब्रुवारी. नांदेड.

घरी सांगितलं, निकाल राखून ठेवला आहे. तांत्रिक कारण.

२० फेब्रुवारी. लॅब.

खरा गुन्हेगार सापडला. शेषेराव! २०११ ला कॉलेज तपासायला कमिटी येणार होती, रंगरंगोटी झाली, तेव्हा बरण्या यानंच हलवल्या. यानंच अदलाबदल केली. माझं आयुष्य यानं घालवलं. पोरांसमोर झाप झाप झापलं. म्हणालो, तुझ्यामुळं मी जूनमध्ये रस्त्यावर.

तो फडक्यानं टेबल पुसत राहिला. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

३ मार्च.

नकाराचं पत्र आलं. माझ्या आधी प्रियदर्शनीनं उघडलं. वाचून घडी घातली आणि विचारलं, जेवायला वाढू का? तिला १७ तारखेलाच कळलं होतं म्हणे. म्हणाली, निवड झाली असती तर तुम्ही गाडीतूनच फोन केला असता.

मी रडलो. ती बाजूला बसून राहिली. ड्युटीला उशीर झाला तिला.

नवीन संकल्प: प्रकाशकाला पत्र. अभिनंदनाचं.

२८ मार्च, शुक्रवार. लॅब. दुपारी १२.३०.

आज पंचेचाळीस पूर्ण. आज शेवटची प्रॅक्टिकल, सात पोरं. दुसरं ठेवायला काही नव्हतं, सतरा नंबर ठेवला. सातही जणांनी लिहिलं: फ्रिगेट ट्यूना. शिवांशनं तर खाली नीट अक्षरात माझं वाक्यही लिहिलं, पुस्तकात चूक आहे. सातही जणांना पूर्ण मार्क दिले. मी शिकवलं तेच लिहिलं त्यांनी.

पोरं गेल्यावर २०१४ चं रजिस्टर काढलं. बिरादार अंबिका, सतरा नंबर, शून्य. खोडून दोन केले, बाजूला आजची तारीख घालून सही केली. पहिला नंबर तिचा होता. फोटो काढून तिला पाठवला. शेषेराव बघत होता. म्हणाला, सर, आता काय उपेग? म्हणालो, न्हाईच.

तिचं उत्तर लगेच आलं. सर, बरणीचं लेबल बदललं का?

बदललं, असं कळवलं. मग उठलो बदलायला.

दोन लेबलं लिहिली, सुंदर अक्षरात, खिशात घातली. सतरा नंबरवर ओलं फडकं धरलं. वरचं लेबल भिजून हातात आलं. अक्षर माझंच, तारीख २०११. त्याच्याखाली आणखी एक लेबल होतं, पिवळं पडलेलं, माझ्या आधीच्या सरांच्या हातचं. लिटल ट्यूना.

शेषेरावकडं पाहिलं. तो फडकं पिळत म्हणाला, तवा सांगिटलं होतं सर, खाली जुनं हाय म्हणून. तुमी म्हणला, कमिटीला नवं दिसलं पायजे.

त्याला त्या दिवशी पोरांसमोर बोललो त्याबद्दल माफी मागायची होती. तेवढ्यात तो अठरा नंबर घेऊन नळाकडं गेला, वरचं लेबल भिजवायला.

नवीन लेबलं खिशातच राहिली.