माझ्या जंतूचं प्रगतिपुस्तक

ती. ताई,

शाळेत गुरुवारी शेवटच्या तासाला सिस्टर आपले दोन्ही वर्ग एकत्र बसवून पत्रलेखन शिकवायच्या आणि तू माझ्या पुढच्या बाकावर रिबिनीचं टोक चघळत बसायचीस, आठवतं? पत्रात आधी समोरच्याची चौकशी, मग हवापाणी. आणि स्वतःच्या पोटाबद्दल सभ्य मुलगी कधीच लिहीत नाही, असं त्या सांगायच्या. तेव्हा आधी वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कमरेने परवानगी दिलेली नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इथे हवा छान आहे. आता पोट.

माझा अल्सर म्हणे काळजी करून झालेला नाही (म्हणजे इतकी वर्षं केलेली काळजी फुकटच गेली). जठरात एक जंतू राहतो, हे त्याचं काम. चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स झाला, तरी तो जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता अंदाजाने औषध नको; पुढचाही कोर्स फसला तर निवडायला फारसं काही उरत नाही, आणि अल्सरमधून रक्त येऊ लागलं तर प्रकरण जिवावर बेतेल. म्हणून घशातून दुर्बीण घालून आतला तिळाएवढा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत पाठवला. तिथे जंतूला बशीत ठेवून वाढवतात, खाऊपिऊ घालतात, आणि मग वेगवेगळी औषधं देऊन कशाने मरतो ते बघतात. ताई, ते दोन आठवडे मला पोटचं मूल बोर्डिंगात ठेवल्यासारखं वाटत होतं. तो वाढलाच नाही तर पुन्हा दुर्बीण, असं कळल्यावर मी त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. (ज्याला मारायचं त्याने आधी जगावं म्हणून प्रार्थना चालते का, हे विचारायला आता सिस्टर नाहीत.)

मग निकाल आला. एकाखाली एक औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे शेरा. दोन ठिकाणी शेरा वाईट दिसला, तेव्हा जंतू दोन विषयांत नापास झाला असं समजून मी शेजारी बसलेल्या ह्यांचा हात आनंदाने दाबला. डॉक्टरीणबाईंनी कागद हळूच काढून घेतला. म्हणाल्या, जंतू पास झालाय, नापास औषधं झालीत, आणि नेमकी तुम्ही घेतलेलीच. पहिला कोर्स पूर्ण केला होता ना? मी म्हटलं, अगदी, घरात एक गोळी शिल्लक नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी खरं बोलायला तोच क्षण निवडला.

“पूर्ण केला की. दोघांनी मिळून.”

आता ह्यांनाही छातीत जळजळ होत होती, मग मी एकटीने कशा घेणार? सकाळची गोळी मी, रात्रीची हे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्धवट मारलेल्या जंतूंतले चिवट तेवढे मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते, असं त्यांनी समजावलं. मला निम्मं कळलं. मग नवी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, “काकू, हे औषध तुमच्या जंतूच्या मापाने शिवलंय. काकांच्या अंगाला बसणार नाही.” काकांची तपासणी वेगळी होणार आहे. अजून कुणाला गोळ्या दिल्या होत्या का, असंही विचारलं. मी म्हटलं, छे.

आज नव्या कोर्सचा चौथा दिवस. तोंडात पितळी भांडं चाटल्यासारखी चव आहे, आणि मी गोळी गिळेपर्यंत हे समोर उभे राहतात. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले. गेल्या महिन्यात तुला पार्सल पाठवलं, त्यात ‘पोटाला उत्तम’ अशी चिठ्ठी लावलेली डबी आहे. त्यातल्या सहा गोळ्या त्याच कोर्समधल्या. तूही फोनवर जळजळ म्हणाली होतीस, मला राहवलं नाही.

ता. क. २ : पार्सल उघडलं नसेल तर वाटणी अशी : शाल तुला, मोजे भाऊजींना, भरतकामाचे रुमाल सूनबाईला, गोळ्या कुणालाही नाहीत. डबी औषधाच्या दुकानात देऊन टाक आणि तुझी तपासणी करून घे. उघडलं असेल तर तीन भाऊजींना दिल्याच असशील, तेव्हा तपासणीला जाताना त्यांनाही ने.