चौदा नॅनोटेस्ला

३ मे, शनिवार
साडेसातीवर उपाय म्हणून स्मिताने काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी आणली. उजव्या हाताचं मधलं बोट. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण बायकोचं मन मोडू नये. शिवाय सप्टेंबरात प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे.

५ मे, सोमवार
संस्थेच्या वेधकुटीत रीडिंग घेतलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चौदा नॅनोटेस्लांनी वाढलंय. एकाएकी. कुटी सागवानी, खिळे तांब्याचे. आत लोखंड न्यायचं नाही, ही पाटी मीच दारावर लावली. पट्टा, चाव्या, मोबाइल बाहेर ठेवले होते. म्हणजे वाढ खरी. पृथ्वीच्या गाभ्यात काहीतरी घडतंय आणि ते मला कळलंय.

८ मे, गुरुवार
सोमवारी मी, गुरुवारी भाविका. कंत्राटी निरीक्षक, सारसोळ्याच्या कोळ्यांची मुलगी. तिच्या रीडिंगमध्ये वाढ नाही. बिचारी. इतक्या बारीक कामाला घरचं वातावरण लागतं.

२२ मे, गुरुवार
तिच्या अंगावरचं लोखंड माझी वाढ खातंय. केसांतल्या पिना काढायला लावल्या. मग चपला. मग पैंजण. चांदीचे आहेत सर, म्हणाली. म्हटलं, शिस्त ती शिस्त. फरशी तापली होती. उड्या मारत आत गेली. रीडिंग जसंच्या तसं.

१२ जून, गुरुवार
आज ओढणीची टाचणी. तर म्हणाली, सर, माज्या अंगाव आता कातडी तेवडी रायलीय. लोखंड तुमच्या बोटात हाय. मी मोठ्या मनाने हसलो. समजावलं, विज्ञान आणि श्रद्धा यांची गल्लत करू नये. अंगठी धातूची नसते, उपायाची असते.

१३ जून
तिच्या सगळ्या रीडिंगमध्ये चौदा मिळवले. याला दुरुस्ती म्हणतात. पेपरचं पहिलं वाक्य लिहिलं.

१४ जून
पहिलं वाक्य खोडलं. शीर्षक आधी हवं.

२१ जुलै, सोमवार
भाविका केबिनमध्ये आली. कायम निरीक्षकाची जागा निघालीय. तीन वर्षांचा अनुभव लागतो, अर्ज ऑगस्टअखेर. तिचा करार ३१ जुलैला संपतो. तीन वर्षं भरायला दोन आठवडे कमी. मुदतवाढ माझ्या सहीवर. फक्त दोन आठवडे सर, म्हणाली. डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं. पण दोन आठवडे म्हणजे दोन गुरुवार. दोन गुरुवार पृथ्वीची फसवणूक करायची? शेरा लिहिला: 'लोखंडाबाबत निष्काळजी.' मन हलकं झालं.

३१ जुलै, गुरुवार
भाविकाचा शेवटचा दिवस. मी पेन भेट दिलं. स्टीलचं, म्हणून कुटीबाहेरच दिलं. टेबलावर विसरून गेली.

९ सप्टेंबर, मंगळवार
इंटरव्ह्यू. समोर संचालक निशांत. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याने पडद्यावर आलेख लावला. स्वयंचलित यंत्र, इतर केंद्रं, भाविकाची मूळ रीडिंग, सगळ्यांची एकच रेघ. माझी वेगळी, वर. मी म्हटलं, नेतृत्व असं एकटंच असतं. त्याने मला हात पुढे करायला सांगितला, अंगठीजवळ यंत्र धरलं. आकडा उडाला. म्हणाला, दिनानाथराव, पृथ्वी बरोबर होती. ती मुलगीही बरोबर होती. प्रमोशन नाही. कुटीत प्रवेश बंद.
शनी किती कडक आहे बघा. अंगठी आधीच घालायला हवी होती.

११ सप्टेंबर, गुरुवार
निशांत म्हणाला, तिला परत आणा, तुम्ही स्वतः जा. सारसोळ्याला गेलो. दारात तिची आई, काशीबाई. भाविका आत होती, दिसली. बाहेर आली नाही. मी सांगितलं, झालं गेलं मी विसरलोय, तिने उद्यापासून यावं, अकरा महिन्यांचं नवं कंत्राट देतोय. बाई म्हणाली, कायमचा फारम गेला सायेब. पोरीनं दोन हप्तं मांगलं, तुमी दिलं नाय. आता तुमचा लोखंड तुमीच मोजा. आणि दार लावलं.
चहाचंही विचारलं नाही. या गावांतलं अगत्य संपत चाललंय.