लागू न पडलेली गोळी

अण्णा, तुम्ही गोळ्या घेत होतात. रोज, गिळून, न चुकता. हे मला यंदा कळलं, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आल्यावर. तोवर आपल्या घरात तुमच्या मरणाची एकच गोष्ट सांगितली गेली. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, आत रक्त गोठू नये म्हणून डॉक्टरांनी गोळी लावून दिली, आणि तुम्ही ती थुंकून टाकत राहिलात. आई हे गावच्या माणसांना सांगायची, शेजारणींना सांगायची, तुमच्या वर्षश्राद्धाला कावळ्याचं पान वाढता वाढतासुद्धा बोलली, "स्वतःच्या हाताने गेले, दुसरा काय." कुणी शंका काढली नाही, मीही नाही. तुमची ख्यातीच तशी होती ना. गिरणीच्या दवाखान्यात ताप असो, जुलाब असो की बोट चेमटलेलं असो, एकच पांढरी गोळी मिळायची, तेव्हापासून तुमचा गोळी या प्रकारावरचा विश्वास उडाला तो उडालाच. गिरणी बंद पडली, तुम्ही अंधेरीला कंपनीच्या कँटीनमध्ये लागलात, तिथल्या डॉक्टरने ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या, आणि एकदा तुळस का वाळली म्हणून आईने कुंडी उकरली तर आत त्या गोळ्यांचा चिखल. त्या दिवशी तिने जे तोंड सोडलं ते घाटकोपरच्या आपल्या डोंगरावरच्या सगळ्या चाळींनी ऐकलं असेल. तुम्ही मात्र खाटेवर बसून निर्लज्जासारखे हसत होतात.

म्हणून स्टेंट बसल्यावर तिने पहारा लावला. मला ती सकाळ अजून दिसते. तुम्ही मोरीच्या कठड्याला टेकून उभे आहात, हातात तांब्या, आणि ती तुमच्यापुढे कंबरेवर हात ठेवून. "आ करा बगूया. जीभ वर करा. तुमच्यावर माझो भरवसो नाय." इतकी वर्षं मुंबईत काढून तिची मालवणी आता राग आला किंवा भीती वाटली तरच बाहेर पडते, आणि त्या दिवसांत दोन्ही भरपूर होतं. तुम्ही दात नसलेल्या बाजूने जबडा वासायचा आणि म्हणायचं, "बघ, आत उतरान बघ काय ता." मग ती समोर पेजेची वाटी ठेवायची, बरोबर लिंबाचं लोणचं, आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही. मी नोकरीला निघायच्या घाईत असायचे आणि मला तुमचं दोघांचं हे रोजचं नाटक वाटायचं. खरं सांगते, मला ते आवडायचं. त्याआधी कितीतरी वर्षं ती तुमच्याकडे इतका वेळ बघत उभी राहिली नसेल.

तुम्ही गेलात तो रविवार होता. सकाळी डोकं दुखतंय म्हणून तुम्ही कपाळाला बाम चोळला होता, तरी बांगडे आणायला खाली उतरलात. परत चढताना देवळापाशी बसलात आणि बसल्या जागी कलंडलात. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुम्ही गेलेलेच होतात. तुमच्या अंगाला बामाचा आणि मासळीचा वास येत होता. तिथला डॉक्टर घाईत होता. स्टेंट ऐकल्यावर तो म्हणाला, हार्टच असणार, आणि मग त्याने आईला विचारलं, "गोळ्यांचं काही कमी-जास्त झालं होतं का?" आई म्हणाली, "घेत नव्हते. थुंकून टाकायचे." डॉक्टरने मान हलवली, आणि तेव्हापासून तेच खरं झालं. आणखी एक गोष्ट तेव्हापासून झाली, ती मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. आईने घरात पुन्हा कधी पेज केली नाही. मालवणची बाई, आणि ताप आलेल्या माणसालाही मुगाची खिचडी देते. मला वाटायचं, तुमची आठवण येते म्हणून.

आता माझं ऐका. मी तुमच्यावर गेलेय असं आई रागात असली की म्हणते, तर नळ्यांच्या बाबतीत ते अगदी खरं निघालं. पावसाळ्यानंतर छातीत कळ आली आणि मलाही स्टेंट बसला. गोळी तीच, तुमचीच. पण माझ्या डॉक्टर बाई चौकस निघाल्या. गोळी नीट घेऊनही रक्त हवं तसं पातळ होत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या रक्ताची एक जनुकांची तपासणी करून घेतली. मग समोर बसवून सांगितलं, "ही गोळी पोटात जाते तेव्हा तिच्यात काही दम नसतो. लिव्हरमधलं एक एन्झाइम तिच्यावर काम करतं, मग ती औषध होते. तुमच्या लिव्हरमधलं ते एन्झाइम काम करत नाही. जन्मापासूनच. आपल्याकडे असे लोक खूप आहेत." म्हणजे मी खडू गिळला असता तरी चाललं असतं. गंमत अशी, की याच बिघाडामुळे ॲसिडिटीची साधी गोळी मला इतरांपेक्षा जास्त वेळ पुरते. शरीराचा हा कसला न्याय, देव जाणे. मी तुमच्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत तुम्हाला वडिलांकडून आली, एक आईकडून. वडिलांच्या दोन्ही बिघडलेल्या असतील तर गोळी लागू पडलीच नसेल. एकच असेल तर थोडीफार पडली असेल. आता कसं सांगणार?" त्यांनी मला दुसरी गोळी लिहून दिली, तिला या एन्झाइमची गरज लागत नाही.

रिक्षात बसले आणि मुलुंडच्या आताच्या घरापर्यंत मला एकच घोर, आईला सांगायचं की नाही. आता आम्ही दोघीच असतो. ती ऐंशीला टेकलीय. तुमच्यावरच्या रागावरच ती इतकी वर्षं उभी आहे असं मला वाटायचं. तो काढून घेतला तर तिच्या हाती काय राहील, तुम्हाला इतकी वर्षं उगाच दोष दिल्याचा पश्चात्ताप? पण घरी आल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "घे गोळी. आ कर. तुझ्या बापासारखी करू नको." आणि माझं डोकं सटकलं. मी सगळं सांगून टाकलं. लिव्हर, एन्झाइम, सगळं. म्हटलं, "थुंकल्या असोत की गिळल्या असोत, त्यांना त्या गोळीचा उपयोगच नव्हता गं. त्यांच्या अंगात ती मातीच होती."

ती खाली बसली, ओट्याला पाठ लावून. मला वाटलं, आता ती रडेल. तिने विचारलं, "एक गोळी माती. आणि दोन?"

"दोन कशाला?"

"दोन घेतल्या तर?"

मग ते बाहेर आलं, अण्णा. तुम्ही गोळी गालात दाबून ठेवता, मग कुठेतरी थुंकता, अशी तिची खात्री होती. म्हणून समोर एक गिळायला लावून ती दुसरी खलबत्त्यात कुटायची आणि पेजेत घालायची. लोणचं त्यासाठी होतं, कडवट लागू नये म्हणून. दुसऱ्या केमिस्टकडून वेगळी पाकिटं आणायची. तुमचं तेरावं झाल्यावर त्याच केमिस्टला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, रक्त पातळ करायची गोळी डबल घेतली तर काय होतं. तो म्हणाला, "डबल? अहो, आत रक्तस्राव होऊन माणूस जाईल." "तेंनी थुंकली नाय कधी," आई म्हणाली. "तुझ्या बापाने एक गोळी वाया घालवली नाय. डॉक्टरने विचारल्यान आणि माझ्या तोंडातून भलताच निघाला. माका वाटला, खरा सांगितला तर माका धरून नेतील. आणि एकदा बोलल्यावर तेच बोलत रवायला लागला." वीस वर्षं ही बाई स्वतःला तुमची मारेकरीण समजत होती, आणि ते झाकायला तुम्हाला शिव्या देत होती. मला तिचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा नेमकं कशासाठी बसले, ते मला सांगता येणार नाही.

"म्हणजे माझ्या हातून नाय?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी नक्की म्हटलं नव्हतं, अण्णा, हे तुम्हाला आत्ताच वर सांगितलंय. आणि डबल गोळीचं तर मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. तुमच्यात बिघडलेली प्रत एकच असेल तर गोळी थोडीफार चालली असेल, आणि तिच्यावर दुसरी. त्या रविवारी तुम्ही छातीला हात लावला नव्हता. तुमचं डोकं दुखत होतं. रक्त फार पातळ झालं तर डोक्यातही रक्तस्राव होतो, हे मी मोबाईलवर वाचलं आणि मोबाईल उलटा करून ठेवला. आईला तो बाम आठवत नसावा. किंवा आठवत असेल आणि तीही माझ्यासारखीच गप्प असेल. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, पण लिहून झालं की मी ते घरातही ठेवणार नाही, ती माझी कपाटं आवरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पेजेचा वास आला. तेव्हापासून ती रोज करते, आणि तुमच्यासाठी एक वाटी आधी बाजूला काढून ठेवते. रोज एखाद्या नातेवाईकाला फोन लावते आणि सांगते, माझी चूक झाली, ते गोळ्या घेत होते. पलीकडून लोक म्हणतात, जाऊ दे आता, इतकी वर्षं झाली. फोन ठेवल्यावर ती खिडकीशी बसून राहते. काल म्हणाली, पुढच्या वेळी मीही येते, त्या डॉक्टर बाईंच्या तोंडून एकदा ऐकायचंय. मी म्हटलं, त्या बदलून गेल्या. कुठे, तिने विचारलं. मी म्हटलं, परदेशात. तिने माझ्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं. मी गिळली आणि सवयीने आ केला.

"मिट तोंड," ती म्हणाली. "तुझ्यावर माझो भरवसो आसा."